सहावा पेला

बोर्दोच्या एका तळघरात रेड वाईनची चव पाहणं चाललं होतं. तीस वर्षं पारखी म्हणून नावाजलेल्या गास्पारने सहावा पेला फिरवला, घोट तोंडात घोळवला आणि म्हणाला, "वा! चेरीचा, देवदाराचा सुगंध... आजची सगळ्यांत सरस!" पाहुण्यांनी भराभर लिहून घेतलं. द्राक्षमळ्याची मालकीण सोलांज हिने तोच पेला नाकाशी नेला. बुरशीचा भपकारा आला. बाटलीचं बूच नासलं होतं.

"माफ करा मंडळी, ही बाटली खराब निघाली," ती हसून म्हणाली. "गास्पारसाहेब भले माणूस, मला सांभाळून घेत होते."

टाळ्या पडल्या. नवी बाटली ओतताना ती त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "वास कधीपासून येत नाही तुम्हाला?"

"नाताळपासून," गास्पार पुटपुटला. त्याची मान काही वर झाली नाही.