निम्मी वाट

"एका गाईसाठी तिकडं यायला परवडत न्हाई मावशी. अजून दोन फोन जमू द्या, मग येतो."

सकाळपासून गोमटेशनं हरणाबाईला फोनवर हे तिसऱ्यांदा सांगितलं होतं. आवाजात आता राग नव्हता, कीव नव्हती, काहीच नव्हतं. तिच्या मागं गाय हंबरताना ऐकू येत होती.

"तवर ती थांबंल का माजावर?" हरणाबाईनं विचारलं. "सांजंपातुर उतरंल तिचा माज. आदीच दोन डाव भरवून उलटलीया. आता गाभण राहिली न्हाई तर बिरदेव बाजार दावणार हाय तिला."

बिरदेव तिचा लेक. गोमटेशला माळावरच्या त्यांच्या वस्तीवरचं दार न् दार ठाऊक होतं. गाई-म्हशी भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतन करायला, तो वीस वर्षं मोटारसायकलवरनं हिंडत होता. डिग्री नव्हती, पण सगळा माळ त्याला डॉक्टरच म्हणायचा. पूर्वी फोन आला की किक मारायची, एवढंच ठाऊक होतं त्याला. आता शंभराच्या नोटेत लिटरभर पेट्रोलही येत नव्हतं. पंपावर तो मीटरकडं बघायचा नाही. मीटर थांबला की टाकीचं झाकण लावायचा. वस्तीवरची माणसं मात्र जुन्याच दरात हात जोडायची.

"मी निम्म्यात आणती," हरणाबाई म्हणाली. "निम्मं तुमी या."

"ओढ्याच्या पुलापर्यंत आणा मग," गोमटेश बोलून गेला.

"पूल निम्म्यात हाय व्हय?"

"व्हय," गोमटेश म्हणाला आणि फोन ठेवला.

पूल त्याच्या घरापासून पाच किलोमीटरवर होता. तिच्या वस्तीपासून नऊ.

साडेदहाला तो पुलावर पोचला. रेताच्या कांड्या ठेवलेलं नायट्रोजनचं कॅन दोरीनं मागं बांधलेलं, पिशवीत कोमट पाण्याचा थर्मास. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय त्याला लागली होती, तशीच ती सोडत आला होता. पुलावर कोणी नव्हतं. ओढा कोरडा, पलीकडं पांढरा रस्ता, दोन्ही अंगाला बाभळी. पंधरा मिनिटं गेली. पुढं जावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. त्यानं गाडी हलवून टाकीला कान लावला. पेट्रोल तळाशी डुचमळलं. तो परत कठड्यावर बसला.

अकरा वाजून गेल्यावर वळणावर त्या दोघी दिसल्या.

हरणाबाई पुढं, दावं खांद्यावर, डोक्यावर पाण्याची कळशी. मागं जर्सी गाय, तिच्या पाठीवर ओलं पोतं. पोतं कडेनं वाळत आलं होतं. गाय चार पावलं टाकायची न् थांबायची. हरणाबाईही थांबायची, दावं ओढायची नाही. मग दोघी परत चालायच्या.

जवळ आल्यावर हरणाबाईनं कळशी उतरवली आणि आधी गाईच्या तोंडापुढं धरली. उरलेलं पाणी पोत्यावर ओतलं.

"लय लांब हाय की ओ डॉक्टर निम्मं," ती म्हणाली.

गोमटेश पिशवी उघडत राहिला. त्यानं थर्मासच्या पाण्यात कांडी धरली, हातमोजा चढवला. गाईचे मागचे पाय थरथरत होते. हरणाबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती तिच्या कानाशी काहीबाही बोलत राहिली. काम पाच मिनिटांत झालं. वीस वर्षांत हजारदा केलेलं काम. पण आज हात मागं घेताना त्याला गाईकडं बघवेना.

"माज चांगला हाय," तो म्हणाला. "पण आता हिला उन्हात चालवू नका. दोन-तीन तास सावलीत उभी ठेवा. बसू देऊ नका."

"न्हाई चालवत. चार वाजता निघती मी."

"तवर?"

"हितंच की. कुठं जायाचं?" बाभळीची सावली हातभर होती. हरणाबाईनं गाय त्यात उभी केली आणि स्वतः बाहेर उन्हात राहिली. मग कमरेची पिशवी सोडून तिनं घामेजलेल्या नोटा पुढं केल्या.

"राहू द्या मावशी. गाभण राहिल्यावर द्या."

"आवं, पेट्रोल जाळून आलासा. त्ये तरी घ्या." तिनं नोटा त्याच्या मुठीत कोंबल्या. "माज्यासाटनं निम्मी वाट आलासा, ह्येच लय झालं. दुसरं कोण येतंय?"

गोमटेशची मूठ मिटली. पूल निम्म्यात नाही, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर खिशातला फोन वाजला. हरणाबाईच्याच वस्तीवरचा भाऊसो होता.

"डॉक्टर, हरणाबाईची गाय पुलावर बघताय म्हनं?"

"व्हय. बोला."

"आमची म्हस बी रातच्यापास्नं माजावर आरडतीया. मी निघतोच तिला घिऊन." भाऊसो चालायलाच लागला असावा, त्याला धाप लागत होती. "पुलापातुरच आणू, का अजून फुडं, तुमच्या दारापातुर?"