सायबर दलाची भिंत

“एवढे दिवे एकदम लुकलुकले तर सर्कस वाटेल हो मामा,” संचालिकाबाई खालून म्हणाल्या.

“नाही वाटणार. प्रत्येकाची चाल वेगळी ठेवलीय,” शिडीवरून उत्तर आलं.

मामा म्हणजे नेपथ्यकार. नाटकांसाठी राजवाडे, तुरुंग आणि जहाजं उभी करण्यात त्यांची हयात गेली होती. आता ते राष्ट्रीय सायबर दल उभं करत होते.

दलाचं धोरण तयार होतं. चांगलं जाडजूड होतं, मुखपृष्ठावर निळा पृथ्वीगोल होता. यंत्रं तेवढी घ्यायची राहिली होती. सध्या दलात संचालिकाबाई, चार अभियंते आणि एक प्रिंटर होता. पैकी प्रिंटर आजारी होता.

आणि शेजारी देशाचं शिष्टमंडळ उद्या येणार होतं.

शेजाऱ्यांकडे सगळं होतं. हेराने जिवावर उदार होऊन काढून आणलेला फोटो बाईंच्या टेबलावरच होता. छतापर्यंत यंत्रांची भिंत, निळे-हिरवे दिवे, पायाशी सापांसारख्या पसरलेल्या वायरी. मंत्र्यांनी तो पाहिला आणि त्यांना जेवण गेलं नाही. “हुबेहूब अशीच करा,” ते म्हणाले. “खरी परवडेपर्यंत दिसणारी चालेल.”

बाईंना मात्र भिंतीची हौस नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मोठ्या दवाखान्याची वीज भरदुपारी गेली, तेव्हा त्यांची आई शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. डॉक्टरांनी उरलेले टाके मोबाईलच्या उजेडात घातले. आई वाचली. चौकशी समितीने शेजाऱ्यांच्या सायबर हल्ल्यावर बोट ठेवलं आणि वीज मंडळाने सुटकेचा निःश्वास टाकून दुजोरा दिला.

तेव्हापासून बाईंनी एकच गोष्ट धरून ठेवली होती. एकमेकांच्या विजेला, पाण्याला, दवाखान्यांना हात लावायचा नाही, असा करार शेजाऱ्यांशी करायचाच. पण दुबळ्याशी करार कोण करतो? आपल्याही हातात काठी आहे असं दिसलं, तरच समोरचा सही करणार.

“नुसत्या फोटोवरून मापं कशी काढलीत?” बाईंनी विचारलं.

“सवयीनं.” मामांनी फोटोकडे पाहिलंही नाही. “त्यांच्या उजव्या कोपऱ्यातला सांधा घाईत झालाय. आपला नीट केलाय.”

“शत्रूच्या यंत्रांतही खोट काढलीत?” बाईंना हसू आवरेना.

मामा खाली उतरले आणि फरशीवर खडूने रेघ मारली. “पाहुणे याच्या पुढे येता कामा नयेत. याहून जवळ आलं की प्लायवूड दिसतं.”

बाईंनी जागा मनात पक्की केली आणि रेघ पुसायला लावली. ही रेघ कसली, असं पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगणार?

“उद्या तुम्ही इथंच थांबायचं, मामा.”

“मी नको, बाई. माझं काम पडद्यामागचं. पाहुण्यांसमोर मला उभं करू नका, ऐका माझं.”

“मध्येच काही बंद पडलं तर शिडीवर मी चढू? आणि उद्या सही झाली नाही, आई परत त्या टेबलावर गेली, तर?”

मामांनी हातातला खडू खिशात टाकला.

“कोट कुठला घालू?” त्यांनी विचारलं.

शिष्टमंडळ वेळेवर आलं. पुढे त्यांच्या सायबर दलाचे प्रमुख, भारदस्त मिशांचे. दारातून आत येताच त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. लागला बाण, बाईंनी मनात म्हटलं. पांढऱ्या कोटातल्या मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

प्रमुखांचा सहायक उत्साहाने पुढे निघाला. प्रमुखांनी त्याचं कोपर धरून मागे ओढलं. “पुढे नको. चालू यंत्रणा आहे!”

ते थांबले होते बरोबर पुसलेल्या रेघेवर.

बाईंनी रात्रभर उत्तरं पाठ केली होती. प्रमुखांनी एकही प्रश्न विचारला नाही. तेवढ्यात भिंतीत फट् झालं आणि मधली एक अख्खी रांग विझली.

“तो भाग हल्ल्याच्या तयारीत गेला,” बाई पापणी न हलवता म्हणाल्या.

“समजलं, समजलं,” प्रमुख घाईने म्हणाले. “सही कुठे करायची?”

सही झाली. बाईंनी बाहेर येऊन आधी घरी फोन लावला. “आई, झालं बघ काम! आता आपली वीज कुणी घालवणार नाही.”

“हो का?” आई म्हणाली. “मग मघापासून पंखा का बंद आहे गं?”

बाई परत आत आल्या तेव्हा निरोपाचं हस्तांदोलन चालू होतं. प्रमुख एकेका अभियंत्याला भेटत मामांपर्यंत पोचले होते. आता यांनी मामांना काही तांत्रिक विचारलं तर सगळं मुसळ केरात, या धास्तीने बाई झपाझप पुढे गेल्या.

प्रमुखांनी मामांचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ते खालच्या आवाजात म्हणत होते, “मामा, आमच्या भिंतीचा तो उजवा कोपरा उखडलाय हो. पुढच्या आठवड्यात येऊन जाल का?”