वयाच्या मानाने

कारखान्याच्या वार्षिक तपासणीत क्रेनवाल्याने नाकाला चिमटा लावून तिसऱ्यांदा नळीत फुंकलं. डोळ्यांत पाणी आलं. यंत्राचा पडदा पाहून तपासणाऱ्या बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"काका, सुरुवातीची हवा जोरात येते, शेवटची मात्र रेंगाळते. बारीक श्वासनळ्या मिटतायत. बावन्नाव्या वर्षी असं दिसायला नको. विडी ओढता?"

"जन्मात नाही."

"आजाराचा संशय म्हणून कळवावं लागेल."

त्याने अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. पलीकडे साहेब बसले होते. तो खुर्चीसकट पुढे सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, समजा, माणूस एकसष्ट वर्षांचा असता तर?"

बाईंनी वयाचा आकडा बदलून पाहिला. "तर काहीच झालेलं नाही. वय वाढलं की नळ्या सैल पडतात, लवकर मिटतात. एकसष्टच्या मानाने ही फुप्फुसं ठणठणीत आहेत."

त्याच्या जिवात जीव आला. भरतीच्या वेळी मामाने त्याचं वय नऊ वर्षांनी कमी सांगितलं होतं.

पण तो जीव फार वेळ टिकला नाही. या कारखान्यात आजाऱ्याला खालचं हलकं काम देत आणि साठीच्या माणसाला निरोप.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मग वय काय लिहू, काका?"

"बावन्नच," तो म्हणाला, आणि पलीकडे साहेबांना ऐकू जाईल असा, त्या दिवशी पहिल्यांदाच, खोकला.