पहिली हाक
आमच्या डोंगरावरचे आरसे सगळं ऊन थाळीएवढ्या जागी गोळा करतात. तिथं दगडाचंही पाणी होतं. ताश्कंदला शिकलेली माझी सून नफोसत तिथं आगीला दाद न देणारी माती शोधते. परवा मी जेवण घेऊन गेले, तर ढग आला म्हणून बाईसाहेब आरसे न वळवताच त्या जागी मातीची वडी बदलत होत्या. समोरच्या उतारावरून ढगाची सावली सरकत होती, मागून ऊन येत होतं. “ऊन येतंय” म्हटलं असतं तर ती वाद घालत बसली असती. मी घरातला आवाज लावला, “सूनबाई, चहा काय तुझा बाप ओतणार?” आमच्यात सासूच्या पहिल्या हाकेला सून हातातलं टाकून येते. आली, फणफणत. “आई, जरा दम नाही?” मागे ऊन कोसळलं. तिनं टाकलेला चिमटा मेणासारखा वितळला. चहा मीच ओतला, निम्मा जमिनीवर.