बादलीतली नदी

मानवजातीच्या इतिहासात प्रथमच एक नदी विधान भवनात स्वतः बोलणार होती. ती बादलीतून आली होती, आणि बादलीला बोलकं यंत्र लावलं होतं. पण पर्यावरण मंडळाने ऐनवेळी तिला दाराबाहेर ठेवलं आणि तिच्या वतीने आमदारांचं मन वळवायला खांबेटे नावाचा भाडोत्री माणूस आणला.

"गेल्या अधिवेशनात तुम्ही रंगाच्या कारखान्यासाठी बोलत होतात," नदी म्हणाली.

"म्हणून तर सगळे आमदार ओळखीचे आहेत, बाई."

"आज सांडपाणीबंदीचा कायदा झाला नाही, तर मी मरेन."

"मरेन वगैरे आत चालत नाही. मी 'किंचित अस्वस्थ' म्हणतो."

"मेल्या, माझ्यात बुडाला असतास तर बरं झालं असतं."

"बुडण्याइतकं पाणी कुठंय?" म्हणत खांबेटेने नाकाला रुमाल लावला.

नदी म्हणाली, "आत माझं नाव घ्याल, तेव्हा तेवढा रुमाल खाली घ्या."