खुंट्यांमधलं अंतर

अम्बरीनने टेप पुन्हा ताणला. एकशे बारा सेंटिमीटर. गेल्या महिन्यात तेवढंच, त्याच्या आधीही तेवढंच. हायसं वाटायला हवं होतं, पण तिचा जीव काही थाऱ्यावर येईना.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला ही सतरा घरांची वाडी. घरांच्या मागे डोंगराला लांबलचक भेग पडलेली. भूगर्भतज्ज्ञ म्हणून आलेल्या अम्बरीनने उन्हाळ्यातच भेगेच्या दोन्ही काठांवर एकेक लोखंडी खुंटी ठोकली होती. डोंगर सरकला तर अंतर वाढणार, साधी गोष्ट. गुरांचा धक्का लागू नये म्हणून राखण सोपवली पहिल्या घरातल्या हैबतीबाबांवर.

आज अहवाल द्यायचा होता. वाडी हलवायची की नाही, एवढंच.

तिच्या मनाने ती कधीच हलवली होती. सकाळी साहेबांना फोनवर तिने तसं सांगितलंही. उगाच हलवली तर लोक चार महिने पत्र्याच्या शेडमध्ये बसून मला शिव्या घालतील. उगाच ठेवली तर शिव्या घालायलाही कुणी उरणार नाही. या दोन चुका सारख्याच कशा धरायच्या? साहेब चिडले नाहीत.

"भीती तुझी आहे, डोंगराची नाही," ते म्हणाले. "आकड्यात माया मिसळू नकोस."

बोलणं पटत होतं, आणि तेच खुपत होतं. महाडच्या पुरात घर बुडालेलं पाहिलेली पोरगी. आपणच घाबरट झालोय की काय? तिने दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी दात आवळून लिहिलं, 'हालचाल नाही. स्थलांतराची गरज नाही.' सही केली, फोटो काढून पाठवला. साहेबांनी लगेच वाडीकरांना न्यायला खाली थांबलेले टेम्पो माघारी धाडले.

हैबतीबाबा चहा घेऊन आले. आता कुठं जायचं नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. सुनेचे दिवस भरत आलेले, शेडमध्ये तिचे हालच झाले असते. अम्बरीनने मनापासून आभार मानले. तुमच्यामुळे माप चोख मिळालं, म्हणाली.

"मग! तू सांगून गेलीस ना बाय, अंतर बिघडता कामा नाय. तुझ्या मापाची दोरीच कापून ठेवलीय. खुंटी लांब गेली की उपटायची, दोरी लावून परत जागेवर ठोकायची." त्यांनी कप तिच्या हातात दिला. "आधी महिन्यातून एकदा ठोकायचो. आता रोज ठोकायला लागते."