सातपट वजनाचा श्वास

सांगतो, पण अख्ख्या पनवेलात एक माणूस विश्वास ठेवणार नाही, लावा पैज!

माझ्या पुतण्याचं, आमच्या एलियाहूचं लढाऊ विमान पडलं, त्यात तो गेला, आणि चौकशीवाले म्हणतात कसे, “वळणावर बेशुद्ध झाला, विमान वळवायचा दांडा सोडला.” सोडला? इथल्या इस्रायल तळ्यावर पतंग कटला तरी फिरकी न सोडणारा पोरगा तो!

वेगाच्या वळणात माणसाचं वजन सातपट होतं, डोक्यातलं रक्त पायात उतरतं. शुद्ध टिकवायची तर पोट आवळून, दम कोंडून, ‘हक्’ करत श्वास टाकावा लागतो. जन्मभर प्रयोगशाळेत मी हेच मोजलं. म्हणून सरावाच्या उड्डाणांतल्या आकड्यांवरून एलियाहूच्या दांड्यावरच्या हाताचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडलं. नुसत्या हाताचं, हं! श्वास त्यात नव्हताच.

काल दुपारी इथेच, त्याच्या बायकोच्या, एलिशेवाच्या देखत ते चालवलं. हिरव्या पडद्यावर दांड्याची रेषा थरथरत पुढे निघाली. वजन पाचपट, सहापट. सातपट झालं आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून आवाज आला, ‘हक्.’

एलिशेवा भिंतीला टेकली. “काका, हा ह्यांचाच श्वास.”

पुन्हा ‘हक्’. पुन्हा. बेशुद्ध माणूस असा दम धरतो होय? बोलवा त्या चौकशीवाल्यांना, ऐकू दे!

रेषा काही सुटेना. माझ्या कानाला गरम वाफ लागली, तसा मी प्लग उपटला. आवाज जागच्या जागी थांबला.

“खोटं बोलताय, काका,” ही बघा, आत्ता एलिशेवा आतल्या खोलीतून म्हणतेय. “थांबला कुठे?”